एकसुरी झोंबी कादंबरी आणि वाचकांची निराशा : अनुभव धागा

इंदूरच्या आमच्या मराठी वाचनमंडळाने या पावसाळ्यासाठी भयकथा हा विषय निवडला होता आणि त्यात एक तरी झोंबी कादंबरी सर्वांनी मिळून वाचावी, असे तरुण सभासदांनी आग्रहाने सुचवले. त्याप्रमाणे आम्ही एक जाडजूड अमेरिकी कादंबरी घेतली. अमेरिकेच्या एका उपनगरात साथ पसरते, मेलेली माणसे उठून जिवंतांना चावू लागतात, आणि एक बाप आपल्या मुलाला, मुलीला आणि वाटेत भेटलेल्या काही माणसांना घेऊन उत्तरेकडे निघतो, एवढे तिचे कथानक आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आपल्याला एका लेखकाला दोष द्यायचा नसून वाचताना आपले काय झाले ते समजून घ्यायचे आहे.

सुरुवातीची साठ-सत्तर पाने मला मनापासून आवडली. शेजारचा म्हातारा रोज सकाळी ज्या वेळी अंगणातील गवताला पाणी घालायला येत असे, त्याच वेळी तो मेल्यानंतरही येतो. नळी धरावी तशी त्याची मूठ आवळलेली असते आणि हातात नळी नसते. त्याची बायको खिडकीच्या पडद्याआडून त्याच्याकडे पाहते आणि सवयीने चहाचे आधण ठेवते. हे ज्याला सुचले तो लेखक साधा नाही, असे मला तेव्हा वाटले. पुढे मात्र एकच प्रसंग फिरून फिरून येतो. आधी दुकान, मग फुटलेली काच, फळीखालून आलेला हात, चावा, चावा लपवणारा माणूस, रात्री त्याचे उठणे, बापाने झाडलेली गोळी, आणि सकाळी पुन्हा रस्ता. दुकानाच्या जागी शाळा येते, शाळेच्या जागी चर्च, चर्चच्या जागी पेट्रोल पंप, परंतु माणसे तेच बोलतात आणि त्याच क्रमाने मरतात. मी पुस्तक शेवटपर्यंत वाचले ते केवळ त्या म्हाताऱ्याच्या बायकोचे पुढे काय झाले हे कळावे म्हणून, आणि ते लेखकाने सांगितलेच नाही.

आपण सर्वांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा. नुसते ‘कंटाळा आला’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या जागी आला आणि त्या जागी आपल्याला काय हवे होते, तेही सांगावे. ज्यांना कादंबरी आवडली त्यांनी संकोच करू नये.

साऊथ तुकोगंजमधील एक वाचक, संगणक क्षेत्रात नोकरी

ताई, पुस्तक सुचवणाऱ्यांत मी होते, त्यामुळे माझी निराशा कदाचित सर्वांत मोठी आहे. या प्रकारच्या कथांवर माझे महाविद्यालयापासून प्रेम आहे आणि त्यांना कोणी उथळ म्हटले की मला वाईट वाटते.

झोंबीची कल्पना हैती या कॅरिबियन बेटावरील देशातून आली. तेथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या शेतात मरेपर्यंत राबवले. मरण आले की सुटका होईल, एवढीच त्या माणसांची आशा होती, आणि झोंबी म्हणजे ज्याची ती आशाही हिरावून घेतली आहे असा माणूस : मेल्यानंतरही उठवला गेलेला, स्वतःची इच्छा नसलेला, मालकाच्या शेतात तेच काम पुन्हा पुन्हा करणारा. तो कोणाला चावत नव्हता. लोकांना त्याची भीती वाटत नव्हती, तर आपण तसे होऊ याची वाटत होती. विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाच्या १९२९ सालच्या प्रवासवर्णनातून ही कल्पना इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली, तेव्हा हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते. माणसे खाणारे, टोळीने येणारे मृत आपल्याला ओळखीचे झाले ते जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या चित्रपटामुळे, आणि त्यात तर झोंबी हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. त्याच दिग्दर्शकाने १९७८ साली आपली पात्रे एका मोठ्या मॉलमध्ये कोंडली आणि मेलेली माणसेही सवयीने दुकानांकडेच ओढली जातात असे दाखवले. २००६ साली मॅक्स ब्रुक्स यांनी नायकच काढून टाकला आणि जगभरच्या वाचलेल्या लोकांच्या मुलाखतींतून संपूर्ण कादंबरी उभी केली. प्रत्येकाने आधीच्याकडून घेतले, आणि घेताना कुठला तरी एक नियम बदलला.

आपल्या कादंबरीत असा एकही नियम बदललेला नाही. मला याहून अधिक टोचले ते वेगळेच. नळी नसलेल्या मुठीने गवताला पाणी घालणारा म्हातारा हा थेट त्या हैतीच्या शेतातील माणसाचा वारस आहे. मरणानंतरही न सुटलेले काम, हीच तर या कल्पनेची मूळ वेदना आहे आणि लेखकाच्या हाती ती पहिल्याच प्रकरणात लागली होती. तिचा धागा पकडून त्याने पुढची पाचशे पाने लिहिली असती तर पुनरावृत्तीलाही अर्थ आला असता. त्याने तो म्हातारा दुसऱ्या प्रकरणात गोळी घालून संपवला.

लोकमान्य नगर, गृहिणी

मी अर्ध्यावर थांबले. बाप एका शाळेत शिरला तेव्हा फळ्यामागून हात येणार हे मी यजमानांना आधीच सांगितले आणि तो आला. त्यानंतर मी शेवटचे प्रकरण काढून वाचले आणि मधले काही वाचले नाही याची मला कोठेही उणीव भासली नाही. मधली दोनशे पाने न वाचताही शेवट जसाच्या तसा कळतो, याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

महूहून, पशुवैद्यक

चाव्याने पसरणारा एक खरा रोग माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून मी या कादंबरीकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले होते. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. ही वाटचाल संथ असते. माणसात लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर पुरतो, कधी वर्ष जाते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन वेळेवर लसीचा पूर्ण क्रम घेतला, तर मात्र तो वाचतो. १८८५ साली लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावल्यानंतर लस टोचली ती याच संथपणाच्या भरवशावर.

या रोगाची दहशत चाव्यात नसते, चावा आणि निकाल यांच्यामधल्या दिवसांत असते. महूजवळच्या एका गावात म्हशीला पिसाळलेला कुत्रा चावला म्हणून मला बोलावले होते. म्हैस गोठ्यात शांतपणे रवंथ करत होती, तिचे डोळे स्वच्छ होते, आणि घरातील एकही माणूस तिच्या दोराच्या लांबीच्या आत पाऊल टाकत नव्हते. म्हातारी आजी दुरूनच तिच्याशी बोलत होती. घरातील सून सारखी विचारत होती की सकाळी काढलेले दूध मुलांनी न उकळता प्यायले असेल का. जनावराला काहीही झालेले दिसत नव्हते आणि तरीही ते घर पुरते बदलून गेले होते.

कादंबरीत चावलेला माणूस त्याच रात्री उठतो, प्रत्येक वेळी, कोणताही अपवाद न करता. त्यामुळे त्याच्याशी कसे वागावे, त्याला जवळ घ्यावे की नाही, त्याचे उष्टे खावे की नाही, त्याला खरे सांगावे की नाही, हे प्रश्न कोणाला पडायला वेळच मिळत नाही. लेखकाने एका तरी माणसाला महिनाभर जगू दिले असते आणि तो बदलणार की नाही हे वाचकाला सांगितले नसते, तर मी ते पुस्तक खाली ठेवू शकलो नसतो.

तिलक नगर, मुद्रितशोधनाचे काम

ही कादंबरी आधी भागाभागाने प्रसिद्ध होत होती, असे प्रस्तावनेत म्हटले आहे, आणि माझ्या मते दुखणे तेथेच आहे. क्रमशः वाचणारा वाचक पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबतो. त्याला मागचे आठवून द्यावे लागते, प्रत्येक भागात एक धक्का द्यावा लागतो आणि शेवटी त्याला टांगून ठेवावे लागते. आठ दिवसांच्या अंतरामुळे त्या धक्क्यांची जात एकच आहे हे लक्षात येत नाही. तेच भाग एका बांधणीत आले की धक्के एकाला एक लागून उभे राहतात. बापाच्या उजव्या गुडघ्याची जुनी दुखापत प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर नव्याने सांगितली आहे, कारण ती त्या त्या आठवड्याच्या वाचकासाठी होती. पुस्तक करताना ती काढणे हे संपादकाचे काम होते. ‘त्याने श्वास रोखला आणि बंदूक सावरली’ अशा अर्थाच्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारत गेलो आणि पुढे रेघा मारणे सोडून दिले. मराठी मासिकांतील अनेक दीर्घ कादंबऱ्या अशाच क्रमाने आल्या, परंतु पुस्तकरूप देताना त्यांच्यावर पुन्हा हात फिरवण्याची रीत होती, आणि ती रीत सुटली की काय होते ते येथे दिसते.

सुदामा नगर, पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त

मी कथा-कादंबऱ्या फार वाचत नाही, मंडळाच्या आग्रहास्तव ही वाचली. माझी तक्रार अशी की जग बुडाल्याची कथा सांगणाऱ्या या लेखकाने जग कशावर चालते याकडे एकदाही पाहिले नाही. त्याची पात्रे महिनोन्‌महिने चालतात आणि ज्या घरात शिरतात तेथील नळाला पाणी असते. दोन वर्षे उभी असलेली मोटार किल्ली फिरवताच सुरू होते, वास्तविक पेट्रोल काही महिन्यांतच खराब होऊ लागते हे कोणताही मेकॅनिक सांगेल.

आपल्या शहराचे उदाहरण घ्या. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर माळव्याच्या पठारावर वसलेले आहे आणि येथे पिण्याचे पाणी येते ते मुख्यतः सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून, नर्मदेच्या पात्रातून. नदी खाली आणि शहर वर, अशी स्थिती आहे. ते पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चारशे मीटरहून अधिक उंची चढवून विंध्याचा घाट ओलांडते, तेव्हा कुठे आपल्या टाक्यांत पडते. १९७० साली या पाण्यासाठी इंदूरच्या लोकांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली ते शहरात आले. त्याआधी यशवंत सागर, बिलावली अशा तलावांवर भागवावे लागे आणि उन्हाळ्यात सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग पहाटेपासून लागे. त्या रांगेत मी लहानपणी उभा राहिलेलो आहे. सज्जन शेजारी एका हंड्यासाठी कसे वेगळे दिसू लागतात हे मी तेथे पाहिले. त्यासाठी कोणी मरून उठावे लागत नाही.

म्हणून दुकानातील डबे लुटण्याचा प्रसंग पाचव्यांदा आला तेव्हा मला राहवले नाही. माणसे अन्नावाचून काही आठवडे काढतील, पाण्यावाचून काही दिवसच. त्या बापाला पंपघर चालवणारा एखादा माणूस भेटायला हवा होता. आपली जागा सोडली तर खालचे सारे शहर कोरडे पडेल आणि न सोडली तर आपल्या घरच्यांपर्यंत पोहोचता येणार नाही, अशा पेचात अडकलेला माणूस. असे लोक मी पाहिले आहेत. पुराच्या रात्री घरी न जाता यंत्रांशेजारी बसून राहणारे ऑपरेटर माझ्या हाताखाली होते. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही याचे मला दुःख होते.

साऊथ तुकोगंजमधील वाचक, वरील अनुभवावर

काका, हे वाचून मी फार वेळ विचार करत बसले. समजा एका रात्री वीज कायमची गेली, तर इंदूरला किती दिवस पाणी पुरेल?

सुदामा नगर

बेटा, नळाला येथे बहुतेक भागांत एक दिवसाआड पाणी येते, म्हणजे घरोघरी हौद किंवा टाकी असतेच. उंच टाक्यांतील साठा पहिल्याच फेऱ्यात संपेल. त्यानंतर काटकसरीने वागणाऱ्या घराचे काही दिवस निघतील. बोअरिंगची मोटर विजेवर चालते, म्हणून ती निकामी ठरेल. डिझेलचा जनरेटर असलेली वसाहत थोडी अधिक टिकेल आणि सारे तिच्या फाटकाशी जमतील. मग ज्यांच्या अंगणात जुनी उघडी विहीर आहे आणि ज्यांनी ती बुजवली नाही, त्यांचे वाडे महत्त्वाचे होतील. त्यानंतर लोक सिरपूर, बिलावली, यशवंत सागर यांच्या काठी जातील. त्या काठावर पहिल्या आठवड्यात कोण कोणाला पाणी भरू देईल, यातच एक संपूर्ण कादंबरी आहे. मेलेले लोक त्यात हवे असतील तर असू देत.

रामबाग, शास्त्रीय गायनाची विद्यार्थिनी

पुनरावृत्तीलाच दोष दिला जातो आहे, म्हणून मला थोडे वेगळे सांगायचे आहे. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीचा पाया मेरुखंड हा होता. मोजके स्वर घ्यायचे आणि त्यांचे क्रम पालटत जायचे. सात स्वरांचे असे ५०४० क्रम होतात. विलंबित झूमऱ्यात, म्हणजे अतिशय संथ चालणाऱ्या तालात, ते तेच तीन-चार स्वर घेऊन इतका वेळ थांबत की नवखा श्रोता म्हणेल, पुढे का जात नाहीत? परंतु प्रत्येक फेरीत एखादा स्वर आधी येतो, एखादा उशिरा, एखाद्यावर वजन पडते, आणि रागाचा जो भाग आतापर्यंत झाकलेला होता तो उघडा होतो.

रियाझाला बसण्याआधी रोज थोडी पाने असे मी हे पुस्तक वाचले. मला त्यात क्रम पालटलेला सापडला नाही. चावा नेहमी काच फुटल्यानंतरच का व्हावा? लपवलेला चावा कोणाला तरी आधीच माहीत का नसावा? एकदा तरी बापाने गोळी झाडण्याऐवजी मुलीने का झाडू नये? घटक तेच ठेवले असते आणि केवळ जागा बदलल्या असत्या, तरी प्रत्येक वेळी निराळी कथा झाली असती. तेच येते याचा मला राग नाही. तेच त्याच जागी, त्याच वजनाने येते, याचा आहे.

एक परिचारिका, रात्रपाळी

सर्वांच्या विरुद्ध जाऊन मी सांगते की मला ही कादंबरी वाचताना बरे वाटले. २०२० च्या मार्चनंतर इंदूरमध्ये जे दिवस आले ते येथे सर्वांना आठवत असतील. त्या काळात रात्रपाळी संपवून खोलीवर आल्यावर मला नवे काहीही नको असे. अशीच एक झोंबी मालिका मी तेव्हा एकामागून एक वाचत होते आणि पुढे काय होणार हे ठाऊक असणे हाच तिचा मोठा गुण होता. वॉर्डात कोण वाचेल आणि कोण नाही हे काही केल्या सांगता येत नव्हते. पुस्तकात मात्र चावा झाला की तो माणूस जाणार, नायक वाचणार आणि सकाळ होणार, याची खात्री होती. थकलेल्या माणसाला अशा खात्रीची गरज असते आणि ती पुरवणाऱ्या लेखकाला मी कमी लेखणार नाही. त्या सवयीमुळे ही कादंबरीही मी सहज वाचून संपवली.

परंतु एका ठिकाणी मलाही ती खाली ठेवावी लागली. बापाची मुलगी मरते तो प्रसंग लेखकाने अगदी इतर मृत्यूंच्याच मापाने लिहिला आहे. तेच दीड पान, तेच गोळी झाडण्याचे वाक्य, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरील हवामानाचे वर्णन. मी माणसे जाताना पाहिली आहेत. एकाच रात्री एकाच वॉर्डात गेलेली दोन माणसेसुद्धा सारखी गेलेली नसतात. एकाने शेवटी चष्मा मागितलेला असतो, तर एकीने सुनेसाठी निरोप ठेवलेला असतो. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाचे मरण सवयीने लिहिले तर मी मान्य करीन. मुलीचे तसे लिहायला नको होते.

खजूरी बाजार, जुन्या पुस्तकांचा व्यवसाय

माझ्याकडे अशा मालिकांचे खंड परत येतात. पहिला खंड हाताळून मऊ झालेला असतो, त्याच्या कोपऱ्यांना दुमडी असतात. तिसऱ्या-चौथ्या खंडाच्या सुरुवातीला थोड्या खुणा दिसतात आणि नंतर पाने कोरी करकरीत. हीच कादंबरी माझ्याकडे विकायला आली तेव्हा वाचनाची खूण म्हणून ठेवलेले बसचे तिकीट मधल्या शाळेच्या प्रकरणातच होते. वर लोकमान्य नगरच्या वहिनींनी लिहिले तीच जागा.

स्नेहलतागंज, निवृत्त शिक्षक

मेलेल्या माणसाची आणि पुनरावृत्तीची गोष्ट निघाली असताना वेताळ पंचविशीची आठवण कोणीच काढली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आपण उज्जैनच्या शेजारी राहतो आणि लोककथेने या राजाला उज्जैनचा विक्रम केले आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात मात्र तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन आहे. एका भिक्षूला दिलेल्या वचनापायी तो स्मशानातील शिंशपेच्या झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतातील वेताळ कथा सांगतो, शेवटी कोडे घालतो, आणि उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल अशी अट असते. राजा उत्तर देतो, मौन मोडते, प्रेत झाडावर परत जाते. हे पुनःपुन्हा होते. लहानपणी आमच्या घरी चांदोबा येत असे. त्यात दर महिन्याला विक्रम आणि वेताळ यांचा तोच मजकूर जवळजवळ त्याच शब्दांत आरंभी असे, आणि आम्ही भावंडे तो मोठ्याने म्हणत पुढे जात असू. त्याचा कंटाळा कधी आला नाही, कारण चौकट तीच असली तरी कोडे दर वेळी नवे होते आणि उत्तर देणाऱ्याची पारख दर वेळी नव्याने होत होती. राजाचा न्याय, त्याचा विवेक, त्याचे पूर्वग्रहसुद्धा त्या उत्तरांतून आपल्याला कळत जातात.

आणि ते चक्र थांबते कसे, हे पाहण्यासारखे आहे. एक बाप आणि मुलगा वनात दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा पाहतात आणि मोठ्या पावलांची ती बापाने, लहान पावलांची ती मुलाने वरावी असे ठरवतात. भेटल्यावर कळते की मोठी पावले मुलीची आणि लहान आईची आहेत. ठरल्याप्रमाणे लग्ने होतात. आता त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, असे वेताळ विचारतो, आणि राजाला उत्तर सापडत नाही. तो खरोखरच गप्प राहतो. त्या मौनामुळे वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूचा कपटी डाव त्याला सांगून टाकतो. म्हणजे ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो भेटला तेव्हाच कथा पुढे सरकली.

आपल्या कादंबरीत असा प्रश्न एकदा येतो, पुलावरील प्रकरणात. मेलेली आई चालत मुलापाशी येते, त्याच्या शर्टाच्या उघड्या बटणाकडे पाहते, हात पुढे करते आणि चावत नाही. ती थांबते. बाप त्याच क्षणी गोळी झाडतो. ती का थांबली? तिला काही आठवले का? आठवत असेल, तर आतापर्यंत झाडलेल्या गोळ्यांना काय म्हणायचे? बापाने पुढे काहीही न करता त्या प्रश्नाखाली वाकलेले चालत राहावे, एवढ्यावरही मी उरलेले पुस्तक आनंदाने वाचले असते. लेखकाने तो प्रश्न विचारला आणि पुढच्याच पानावर सर्वांना एका नव्या दुकानात नेले. मुलगा बापाला त्याबद्दल एका शब्दानेही विचारत नाही. ज्या मुलाची आई त्याच्या बटणापाशी हात नेऊन थांबली, तो मुलगा आयुष्यभर दुसरे काही विचारू शकेल असे मला वाटत नाही.

परिचारिका, वरील अनुभवावर

सर, तुम्ही म्हणता ते बटण मला दिसलेच नव्हते. मी ते पान पुन्हा काढून वाचले. पहिल्या प्रकरणात, साथ पसरण्याआधी, शाळेला निघालेल्या मुलाचे तेच बटण आई लावून देते, असे एक वाक्य आहे. म्हणजे लेखकाने ते ठरवून पेरले होते. मग त्याने ते असे का सोडून दिले, हे मला समजत नाही.

वाचनमंडळाकडून

पुढच्या बैठकीत पूर्ण कादंबरीऐवजी पहिले प्रकरण आणि पुलावरील प्रकरण एवढ्यावरच बोलावे, असे अनेकांनी कळवले आहे आणि ते मान्य केले आहे. ज्यांनी पुस्तक अर्ध्यावर सोडले त्यांनी ही दोन प्रकरणे तेवढी वाचून यावे. सुदामा नगरच्या काकांना पंपघरातील त्या पुराच्या रात्रीविषयी लिहून आणण्याची विनंती केली असून त्यांनी होकार दिला आहे. आणखी अनुभव येत असतील तर अवश्य लिहावेत; विशेषतः ज्यांना कादंबरी आवडली अशांकडून आतापर्यंत एकच अनुभव आला आहे आणि तो एकटा पडू नये असे मला वाटते.